न ऐकलेल्या प्रार्थनांचा हिशेब

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द नावाचे गाव आहे. १८५८ साली तेथील एका गुहेत बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला मेरीमातेने अठरा वेळा दर्शन दिले, अशी कॅथलिक पंथीयांची श्रद्धा आहे. गुहेतील झऱ्याच्या पाण्याने असाध्य व्याधी बऱ्या होतात, या विश्वासाने दरवर्षी लक्षावधी माणसे तेथे जातात. त्यांत धडधाकट यात्रेकरू असतात, तसेच चाकाच्या खुर्चीतून आणि स्ट्रेचरवरून नेलेले रुग्णही असतात. विशेष म्हणजे तेथे १८८३ पासून एक वैद्यकीय कार्यालय चालते. आपण बरे झालो असे सांगणाऱ्याची तपासणी डॉक्टर करतात. व्याधी खरोखर गंभीर होती काय, ती उपचारांनी बरी झाली नाही ना, बरे होणे अकस्मात, पूर्ण आणि टिकाऊ आहे काय, याची वर्षानुवर्षे छाननी होते आणि मगच संबंधित बिशप ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारतात. आजवर सात हजारांहून अधिक दावे या कार्यालयाकडे नोंदले गेले. एप्रिल २०२५पर्यंत त्यांपैकी चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती अवघ्या ७२ घटनांना.

दीडशेहून अधिक वर्षांत ७२. चमत्कार घडतात की नाही, हा वाद येथे क्षणभर बाजूला ठेवू. स्वतःच्या श्रद्धेची अशी कठोर झडती घेण्याचे धैर्य कॅथलिक चर्चने दाखविले, याचे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यावे लागेल. परंतु या आकड्याची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. जे कोट्यवधी लोक लूर्दला गेले, गुडघे टेकून बसले, आणि आले तसेच परत गेले, त्यांचे काय? त्यांच्या प्रार्थनांची नोंद कोणत्या वहीत आहे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर खुद्द बर्नादेतच्या आयुष्यात सापडते. तिला लहानपणापासून दम्याचा विकार होता. १८६६ साली ती नेव्हेर येथील मठात गेली आणि पुन्हा कधी लूर्दला परतली नाही. पुढे क्षयाने तिला ग्रासले, गुडघ्याच्या हाडापर्यंत तो पोहोचला आणि १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, असह्य वेदना भोगून तिचा अंत झाला. जिच्यामुळे तो झरा जगाला ठाऊक झाला, तीच बरी झाली नाही. तरीही तिची श्रद्धा अपुरी होती असे चर्चने म्हटले नाही. उलट १९३३ साली तिला संतपद बहाल केले.

ख्रिस्ती धर्मग्रंथही या बाबतीत सामान्यतः समजला जातो तितका सोपा नाही. येशूने आंधळ्यांना दृष्टी दिली, पांगळ्यांना चालविले, या कथा सर्वांना माहीत आहेत. चंगाई सभांच्या मंडपातून त्याच ऐकविल्या जातात. परंतु त्याच ग्रंथात पौलाची कथा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या देहातील ‘काट्या’विषयी लिहितो. हा काटा म्हणजे कोणती व्याधी, यावर पंडितांचा खल आजही चालू आहे. तो काढून टाकावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर त्याला मिळाले. हाच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती सल्ला देतो आणि त्रफिम नावाच्या सहकाऱ्याला मिलेत येथे आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे जातो. ज्याच्या हातून इतर रोगी बरे झाल्याचे वर्णन आहे, त्याला आपला सोबती बरा करता आला नाही, हे लिहून ठेवण्यात त्या ग्रंथाला संकोच वाटलेला नाही. जन्मांध मनुष्याची कथा तर याहून बोलकी आहे. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. गेथशेमाने बागेत त्याने स्वतः केलेली, हा प्याला टळावा ही प्रार्थनाही मान्य झाली नाही. वधस्तंभ हेच ज्या धर्माचे चिन्ह, त्याने मान्य न झालेल्या प्रार्थनेची लाज बाळगण्याचे कारण नव्हते.

पण लाज बाळगणारा एक प्रवाह त्या धर्मात निर्माण झाला आणि आज जगभर त्याचाच आवाज मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रोगनिवारणाच्या सभांना जोर चढला. जॉन अलेक्झांडर डोवी या प्रचारकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिकागोच्या उत्तरेस झायन नावाचे नगरच वसविले. तेथे डॉक्टरांना आणि औषधांना मज्जाव होता. १९०५ साली डोवीला स्वतःला पक्षाघाताचा झटका आला आणि १९०७ साली तो मरण पावला. यात उपहास करण्याजोगे काही नाही, मृत्यू सर्वांनाच येतो. मात्र पुढील काळात या प्रवाहाने एक सिद्धान्त तयार केला. आरोग्य हे श्रद्धावंताला आधीच मिळालेले आहे, त्याने केवळ ते मागून घ्यायचे आहे, दुखते असे म्हणणे हाच अविश्वास आहे, असा तो सिद्धान्त. वरवर तो आशादायक वाटतो. खोलात गेल्यास त्याची क्रूरता दिसते. या सिद्धान्तानुसार प्रार्थना कधीच अयशस्वी होत नाही. अयशस्वी होतो तो रुग्ण. कर्करोगाने पोखरलेल्या स्त्रीला वेदना तर भोगाव्या लागतातच, शिवाय आपली श्रद्धा कमी पडली हा अपराधही डोक्यावर घेऊन मरावे लागते. आईबापांच्या वाट्याला तर मुलाच्या मृत्यूबरोबर ही शिक्षाही येते.

अमेरिकी शल्यविशारद विल्यम नोलेन यांनी कॅथरिन कुलमन या विख्यात प्रचारिकेच्या सभांचा मागोवा घेऊन १९७४ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. व्यासपीठावर बरे झाल्याचे सांगणाऱ्या तेवीस जणांचा त्यांनी पुढे शोध घेतला. त्यांपैकी एकाचीही शारीरिक व्याधी बरी झाल्याचे त्यांना आढळले नाही. एका स्त्रीला मणक्याचा कर्करोग होता. सभेत तिने पाठीचा आधारपट्टा काढून टाकला आणि टाळ्यांच्या कडकडाटात ती व्यासपीठावरून धावली. दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला. चार महिन्यांनी ती गेली. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी किती जणांना हे कळले असेल? कुलमन यांना लबाड ठरविण्याचे नोलेन यांनी टाळले, त्या प्रामाणिक आहेत असेच त्यांचे मत होते. खरी अडचण तीच आहे. लबाडी पकडता येते, परंतु प्रामाणिक माणसाने केलेले नुकसान कोणत्या कलमाखाली मोजायचे?

जेथे औषधच नाकारले जाते, तेथील हिशेब अधिक भयंकर आहे. बालरोगांना वाहिलेल्या ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात १९९८ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणाने उपचार न मिळालेल्या १७२ मुलांच्या मृत्यूंचा तीत अभ्यास होता. त्यांपैकी १४० मुलांच्या बाबतीत साधे वैद्यकीय उपचार मिळाले असते, तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. ओरेगन राज्यात अशा मृत्यूंची मालिकाच घडली, तेव्हा २०११ साली तेथील विधिमंडळाने पालकांना धर्मश्रद्धेच्या नावाखाली मिळणारे कायदेशीर संरक्षण काढून घेतले.

प्रार्थनेचे मोजमाप करण्याचाही प्रयत्न झाला आहे. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली जाहीर झाले. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात फरक आढळला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगण्यात आले होते, त्यांच्यात गुंतागुंत किंचित अधिकच दिसली. नास्तिकांनी यावर हर्ष व्यक्त केला, तो अनाठायी होता. ईश्वर ही प्रयोगशाळेत तपासण्याची वस्तू नव्हे. पण मग ‘हमखास गुण’ अशी जाहिरात करणाऱ्यांनाही हाच न्याय लावावा लागेल.

श्रद्धा आणि प्रामाणिकपणा एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण म्हणून सी. एस. लुईस यांचे नाव घेता येईल. विसाव्या शतकातील ख्रिस्ती धर्माचा हा सर्वांत वाचला गेलेला समर्थक. १९५७ साली रुग्णालयात, हाडांच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या जॉय डेव्हिडमन यांच्याशी त्यांचा धर्मविधीने विवाह झाला. विवाह लावणाऱ्या धर्मगुरूने तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यानंतर ती खरोखर सुधारली, हिंडू-फिरू लागली. लुईस यांना हा चमत्कारच वाटला. पुढे रोग उलटला आणि १९६० साली ती गेली. पुढल्या वर्षी त्यांनी टोपणनावाने शोकाची जी छोटी वही छापली, तीत बंद दारावर धडका मारणाऱ्या माणसाचा आक्रोश आहे. ईश्वराचा बचाव करण्यात हयात घालविलेल्या लेखकाने ईश्वराविषयीचा आपला संताप लपविला नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. चंगाई सभेच्या व्यासपीठावर अशा माणसाला जागा मिळाली नसती.

आपल्याकडील चित्र काय आहे? बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे वाहिले जातात. वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. हा आपल्या ओळखीचा नवस आहे. त्यात याचना आहे, हमीपत्र नाही. गुण आला नाही तरी माणूस पुढच्या वर्षी पुन्हा जातो. पण नवस फेडला नाही म्हणून कोप झाला, भाव कमी पडला म्हणून गुण आला नाही, असे सांगणारे बुवा आणि भगत हिंदू समाजातही कमी नाहीत, हे मान्य केल्याशिवाय इतरांना बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही. नवसांवर तुकोबांनी ओढलेले कोरडे आपल्याच पाठीवर होते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही एका धर्माकडे बोट दाखवीत नाही, हे योग्यच झाले.

चर्चनेही येथे स्वतःकडे पाहण्याची गरज आहे. मदर तेरेसा यांना २००३ साली धन्य घोषित करताना दक्षिण दिनाजपूरमधील एका वनवासी स्त्रीच्या पोटातील गाठ नाहीशी झाल्याचा आधार घेण्यात आला. ती गाठ क्षयाची होती आणि औषधांनी गेली, असे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितले. मदर तेरेसा यांचे स्वतःचे हृदय मात्र पेसमेकरवर चालत होते आणि त्याबद्दल कोणी त्यांना दोष देणार नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून, त्यांना अनेक दशके ईश्वराचे सान्निध्य जाणवतच नव्हते, ही गोष्ट उघड झाली. त्या गाठीच्या कथेपेक्षा या पत्रांत अधिक सत्य आहे. चर्चला सोहळ्यासाठी गाठच हवी होती.

आसामने २०२४ साली चमत्काराने रोग बरा करण्याच्या दाव्यांना बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा तेथील ख्रिस्ती संघटनांनी हरकत घेतली. रुग्णासाठी प्रार्थना करणे हा जादूटोणा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खरे आहे आणि रुग्णाच्या उशाशी बसून हात जोडणाऱ्याला कायद्याने हात लावता कामा नये. परंतु ज्या क्षणी प्रार्थना करणारा ‘गोळ्या बंद कर’ असे सांगतो, भिंतीवर ‘कर्करोग, एड्स, पक्षाघात बरे होतील’ असे फलक लावतो, त्या क्षणी तो प्रार्थनेच्या प्रांतातून बाहेर पडलेला असतो. १९५४ सालच्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवरील कायद्याला अशा फलकांसाठी नव्या दुरुस्तीची गरज नाही, अंमलबजावणीची आहे. आणि ज्या ख्रिस्ती संघटना प्रार्थनेच्या स्वातंत्र्यासाठी बोलतात, त्यांनीच या फलकांविरुद्ध सर्वांत आधी बोलावयास हवे, कारण फसविला जाणारा गरीब माणूस त्यांच्याच दारात उभा आहे.

त्यांना उदाहरणासाठी फार दूर जावे लागणार नाही. डॉ. मेरी वर्गीस ही केरळची कन्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाली. १९५४ साली मोटार अपघातात तिच्या शरीराचा कमरेखालील भाग कायमचा लुळा पडला. पाय परत आले नाहीत. तिने चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकले आणि १९६६ साली वेल्लोरला पांगळ्यांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उभे केले. १९७२ साली भारत सरकारने तिला पद्मश्री दिली. १९८६ साली ती निवर्तली, तोवर त्या केंद्रात आलेल्या शेकडो रुग्णांना तिने कृत्रिम पायांवर आणि कुबड्यांवर उभे राहायला शिकविले होते.