विधवेचा प्रश्न आणि सातबारा

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी आयत्या वेळी मागे घेतले आणि उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. येडे यांच्या शेतकरी पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. एका स्त्रीचा शब्द नाकारून दुसरीला मान देण्यातली विसंगती तेव्हा पुष्कळ चर्चिली गेली. मात्र कापूसपट्ट्यातील ही स्त्री आपल्या साहित्यविचारात कुठे बसते, हा प्रश्न मागे पडला. आम्हा मराठीच्या अध्यापकांना तो टाळता येऊ नये.

मराठी कादंबरीचा प्रारंभच विधवेपासून होतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. पुढे हरिभाऊंची यमू आली. केशवपन, पुनर्विवाह, सोवळे या चौकटीत आपण ‘विधवेचा प्रश्न’ शिकवतो आणि कायदे झाले, समाज सुधारला, असे म्हणून पान उलटतो. ही चौकट प्रामुख्याने पांढरपेशा घरांची होती. पाटाची चाल असलेल्या कष्टकरी जातींतील स्त्रीचे दुःख तीत मावणारे नव्हतेच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना निमित्त सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे घेतले, पण बोट ठेवले ते पुरुषसत्तेवर. वऱ्हाडाच्या मातीतून आलेल्या त्या पुस्तकाशी आपले नाते बहुधा परीक्षेपुरतेच उरते.

यवतमाळच्या शेतकरी विधवेचा प्रश्न सातबाऱ्यावर येऊन अडतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पतीच्या मिळकतीत विधवेला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटा दिला, तोही पूर्ण मालकीचा. परंतु जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, वाटणी झालेली नसेल, तर तिच्या हाती काय येते? वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे आणि घरात दिराची नाराजी. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही; कर्ज नाही म्हणून पुन्हा सावकार. सरकारी मदत एक लाखाची, त्यांतले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, अशी योजना वर्षानुवर्षे चालली. त्या मदतीचीही पात्रता मृत पुरुषाच्या शेतीवरून आणि कर्जावरून ठरे. पेरणी, निंदण, वेचणी करणारी ती स्वतः शेतकरी आहे, हे कागदाला ठाऊक नसते.

हा प्रश्न केवळ वऱ्हाडाचा नाही. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील १४वे कलम ग्रामीण स्त्रियांना शेतीकर्ज आणि जमीनसुधारणांत समान वागणूक देण्याचे बंधन घालते. भारताने तो करार १९९३ मध्ये मान्य केला. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष तर शेतकरी स्त्रीचे म्हणून जाहीर केले. महाराष्ट्रातही शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले होते. (आमच्या विद्यापीठीय स्त्रीवादाने त्या मोहिमेची घ्यावी तशी दखल घेतली नाही, असे मला वाटते.)

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने शेतीची कोंडी समर्थपणे मांडली, पण तिच्या केंद्रस्थानी शिकलेला शेतकरीपुत्र आहे. शेतकऱ्याच्या मागे राहिलेल्या स्त्रीला केंद्रस्थान मिळाले ते रंगमंचावर: ‘तेरवं’ या नाटकात येडे आणि त्यांच्यासारख्या स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या. त्याच २०१९ मध्ये येडे यांनी यवतमाळ-वाशीममधून लोकसभेची निवडणूकही लढवली. करुणेचा विषय म्हणून व्यासपीठावर आणलेली स्त्री काही आठवड्यांत मते मागत फिरू लागली. ‘यमुनापर्यटन’ शिकवून झाल्यावर ‘तेरवं’ आणि सोबत एखादा फेरफाराचा उतारा वर्गात वाचायला घ्यावा, एवढे तर पदव्युत्तर अभ्यासमंडळाला आजही करता येण्यासारखे आहे.