पराक्रमाची थकबाकी

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात. मी सांगतो आहे ती मात्र अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीची गोष्ट. तिथल्या नॅशनल हॉकी लीगने २००५ पासून संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा घातली आहे. मालक कितीही गब्बर असला तरी तिजोरी मोकळी सोडता येत नाही. माझा जन्म बँकेत कर्जमर्यादा सांभाळण्यात गेला, त्यामुळे हे दुखणे मला ओळखीचे वाटते!

शिकागो ब्लॅकहॉक्सने २०१०, २०१३ आणि २०१५ साली स्टॅन्ली कप जिंकला. जोनाथन टेव्झ आणि पॅट्रिक केन हे त्या यशाचे खांब. २०१४ मध्ये क्लबने दोघांशी आठ-आठ वर्षांचे करार केले. प्रत्येकी वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलर. २०१५-१६ मध्ये ते लागू झाले तेव्हा अख्ख्या संघाची मर्यादा होती ७ कोटी १४ लाख. तेवीस जणांच्या पंक्तीत दोन पानांवरच जवळजवळ तीस टक्के वाढून झाले. तिसरा कप जिंकून महिना होतो न होतो तोच बावीस वर्षांच्या ब्रँडन सादला कोलंबसला आणि पॅट्रिक शार्पला डलासला धाडावे लागले.

या वीरांना नाही म्हणणारा व्यवस्थापक गावात तोंड दाखवू शकला नसता, हे खरे. पण पगार द्यायचा असतो पुढच्या खेळाचा, आणि ठरतो मागच्या खेळावर. जुन्या खातेदाराची पत पाहून आम्हीही असेच भुलायचो. माझ्या मते रक्कम नव्हे, मुदत चुकली. केनने २०१६ मध्ये हार्ट ट्रॉफी मिळवून आपला हिशेब चुकता केला. टेव्झला पुढे आजाराने गाठले; २०२०-२१ चा हंगाम पुरता बुडाला. कप शिकागोला त्यानंतर आलेला नाही.

२०२५ मध्ये टेव्झ पुन्हा बर्फावर उतरला, तो जन्मगावी, विनिपेगच्या संघातून. करार एका वर्षाचा, मूळ पगार २० लाख डॉलर.