मैदानावरील पाणी आणि त्याचा हिशेब

जून महिन्यांत शाळा उघडते आणि त्याच सुमारास आमच्या मैदानावर तळें सांचतें. पहिलें सत्र दिवाळीस संपतें. म्हणजे वर्षाच्या पूर्वार्धांत खेळाचा तास बहुधा व्हरांड्यांतच जातो. म्हणून मैदानाखालीं नळ घालून पाण्याचा निचरा करावा, अशी सूचना पुढें आली आहे. उलट कित्येक पालक म्हणतात कीं, हा पैसा मातींत घालण्यापेक्षां गरीब मुलांच्या फीकडे लावावा. हें मत उपेक्षणीय नाहीं. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा शुभवर्तमानांतील बोध वाचकांस परिचित आहेच. आपणही तसेंच करूं.

१०० मीटर लांब व ६० मीटर रुंद मैदानावर २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें एक इंच, पाऊस पडला तर १,५०,००० लिटर पाणी होतें. आमची जमीन काळी. ही माती भिजली कीं फुगते, तिचीं छिद्रें मिटतात आणि पाणी खालीं उतरत नाहीं. म्हणून नुसते नळ पुरून भागत नाहीं. चर खडीनें व जाड वाळूनें थेट पृष्ठभागापर्यंत भरावे लागतात. खर्च वाढतो तो येथेंच. पुढें गाळ बसून चर बुजतात, त्यांची निगा वेगळीच. लंडनच्या लॉर्ड्स मैदानाची चिकणमाती अशीच पाणी धरून ठेवी. २००२ सालीं तेथील हिरवळ उकरून वाळूयुक्त थर घालण्यांत आला. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानांत २०१७ सालीं जमिनीखालून पाणी ओढून घेणारें यंत्र बसविलें. परंतु त्यांच्यामागें तिकिटांचें उत्पन्न आहे; आमच्यामागें पालकांची वर्गणी.

मग मैदान आहे तसेंच राहूं द्यावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सधन घरचा मुलगा जिमखान्यांत जाईल. एका खोलींत राहणाऱ्या मुलामुलींस हेंच एक अंगण आहे. तेव्हां मैदानावरील खर्चही गरिबांसाठींच होय. मात्र कोणाची फी कापून तो होऊं नये. प्रथम मुरूम घालून मध्यापासून कडेपर्यंत शंभरास एक असा उतार द्यावा. त्यास मध्यें ३० सेंटीमीटर उंची पुरते. कडेनें उघडे चर काढावे. एक पावसाळा पाहावा, आणि जेथें पाणी तरीही राहील तेवढ्याच जागीं नळ घालावे.

एक रक्कम मात्र या हिशेबांत कोणीच धरलेली नाहीं. कुंपणापलीकडे सखल जागीं वस्ती आहे. आज मैदान जें पाणी अडवून धरतें, तें उद्यां वेगानें तिकडे धांवेल. आपल्या मुलांचे पाय कोरडे राहावे म्हणून शेजाऱ्याच्या चुलींत पाणी शिरावें, हें शेजारधर्म शिकविणाऱ्या शाळेस शोभणारें नाहीं. यास्तव काळी माती भेदून मुरुमापर्यंत शोषखड्डे खणावे, मुरेल तेवढें पाणी मुरवावें आणि उरलेलें वस्तीस वळसा घालून नाल्यास पोंचवावें. यास कांहीं अधिक पैसे पडतील; ते दिल्यावांचून कामास हात घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, चरांतील गाळ दरवर्षीं मे महिन्यांत काढावा लागेल. हें काम मजुरांवर न सोपवितां तुम्हीं अंगावर घ्याल, तर खर्चाचा मोठा भाग हलका होईल. मैदान मागणाऱ्यांनीं फावडेंही मागावें.