उशाशीं बसणारें माणूस

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय चिकित्सेच्या चार पादांविषयीं आहे. वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी हे ते चार पाद होत. उपस्थाता म्हणजे रोग्याच्या उशाशीं बसून त्याची शुश्रूषा करणारा. संहिताकारांनीं प्रत्येक पादाचे चार चार गुण सांगितले आहेत. उपस्थात्याच्या वांट्यास आलेले गुण असे : उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शौच. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीं पाठ करावयाच्या या यादीकडे गृहस्थानेंहि आपल्या घराच्या दृष्टीनें एकदां पाहावें, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण पहिल्या दोन पादांची फार काळजी करतों. डॉक्टर कोणता, हिंगोलींतच दाखवावें कीं नांदेडास न्यावें, औषध कोठें मिळेल, पैसा कोठून उभा करावा, यावर रात्र रात्र खल होतो. तिसऱ्या पादाविषयीं मात्र कोणी शब्द काढीत नाहीं. "घरांत एवढीं माणसें आहेत, बघतील कोणीतरी," असें म्हणून आपण मोकळे होतों. हें 'कोणीतरी' म्हणजे प्रत्यक्षांत एकच माणूस असतें, आणि तें बहुधा घरची थोरली सून असते, हें एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत येथें सांगतों. हिंगोली शहरांतलें तें नांदतें घर. लहानथोर मिळून दहा माणसें. २०२४ च्या जानेवारींत घरच्या आजोबांस अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडास नेल्यामुळें जीव वांचला, वाचाहि अडखळत कां होईना परत आली. पण उजवें अंग गेलें तें गेलेंच. तीन आठवड्यांनीं त्यांस घरीं आणलें. इस्पितळांत ज्या कामास तीन पाळ्यांच्या परिचारिका होत्या, तें काम घरीं एकट्या थोरल्या सूनबाईंकडे आलें.

हें काम किती असतें तें न केलेल्यास समजत नाहीं. अशा रोग्याची कूस दर दोन तासांनीं पालटावी लागते, नाहींतर पाठीस व माकडहाडास जखमा पडतात. आणि दर दोन तासांनीं म्हणजे रात्रींसुद्धां. घास भरवतांना त्यास नीट उठवून बसवावें लागतें, नाहींतर अन्नपाणी श्वासनलिकेंत जाऊन फुफ्फुसाचा नवाच विकार उद्भवतो. त्यांतून संसाराच्या बारीकसारीक अडचणी कांहीं आजारासाठीं थांबत नाहींत. त्याच दिवसांत नातवाची दहावीची परीक्षा आली, पाण्याची मोटार जळाली, आणि धुण्याभांड्यांची बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. शिवाय समाचारास येणारांची रीघ होतीच. ते आजोबांपाशीं दहा मिनिटें बसत आणि सूनबाई त्यांच्यासाठीं चहा टाकीत.

२१ मार्चच्या सकाळीं सहा वाजून गेल्यावर हिंगोली जिल्हा भूकंपानें हादरला. पहिला धक्का ४.५ तीव्रतेचा, आणि थोड्याच मिनिटांत ३.६ तीव्रतेचा दुसरा. १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप मराठवाड्यांतील माणूस विसरलेला नाहीं. अशा वेळीं दार गाठावें हें त्यास सांगावें लागत नाहीं. घरचीं माणसें अंगणांत धांवलीं. मोजलीं तों आठ भरलीं. आजोबा खाटेवर होते, आणि सूनबाई खाटेचा कठडा धरून आंत उभ्या होत्या. दोघे मुलगे आंत वळतात तों दुसरा धक्का बसला. सुदैवानें घरास कांहीं इजा झाली नाहीं.

त्या दुपारीं आजोबांनीं थोरल्या मुलास जवळ बोलावलें आणि अडखळत विचारलें, "ही झोपते केव्हां रे?" मुलास उत्तर देतां आलें नाहीं. त्याच्या आईस, भावास, भावजयीस, कोणासच देतां आलें नाहीं. दोन महिन्यांत तो प्रश्न घरांत कोणाच्या मनांतहि आला नव्हता. चरकानें रोग्याच्या चार गुणांत ज्ञापकत्व हा एक सांगितला आहे. आपली पीडा नीट सांगतां येणें असा त्याचा अर्थ. आजोबांनीं सांगितली ती मात्र उशाशीं बसणारीची पीडा होती.

येथें कांहीं वाचक म्हणतील, "सासऱ्याची सेवा सुनेनें करूं नये कीं काय?" अवश्य करावी. परंतु उपस्थात्याच्या चार गुणांत सून, पत्नी किंवा स्त्री असणें हा गुण कोठेंहि नाहीं. व्याकरणानें पाहिलें तर उपस्थाता हा शब्द पुल्लिंगी आहे! दुसरें असें कीं, आपल्या घरांत चार गुणांपैकीं अनुराग तेवढा वाखाणला जातो. "तिच्या हातालाच त्यांची संवय आहे," असें म्हटलें कीं बाकीच्यांची सुटका होते. पण दोन महिने सलग न झोपलेलें माणूस दक्ष कसें राहील? रक्तदाबाची गोळी दिली कीं द्यावयाची आहे, हें त्याला कसें आठवेल? अनुराग कितीहि असो, तो झोपेची जागा घेत नाहीं. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यास विश्रांति देणें ही त्याच्यावर केलेली कृपा नव्हे. तें रोग्याच्या चिकित्सेचेंच अंग होय.

उपचारांचें ज्ञान तरी जन्मतः कोणास असतें? तें शिकावें लागतें. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं सेवासदन सुरू केलें, तेव्हां स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण देणें हें तेथील एक महत्त्वाचें काम झालें. जें स्त्रियांस शिकून येतें तें पुरुषांसहि शिकून येईल.

त्या घरीं तसेंच झालें. इस्पितळांतील एका अनुभवी परिचारिकेस दोन दिवस घरीं बोलावून दोघां मुलांनीं चादरीच्या आधारें कूस कशी पालटावी, पाठ कशी पुसावी, भांडें कसें द्यावें हें शिकून घेतलें. पहिले चार दिवस धाकट्याचे हात कांपत आणि आजोबांस संकोच वाटे. पुढें दोघेहि सरावले. रात्रीचे दोन भाग केले : दहा ते दोन थोरल्याचा, दोन ते सहा धाकट्याचा. सूनबाईस रात्र मोकळी. परीक्षा आटोपल्यावर नातवानें वही धरली. कूस केव्हां पालटली, काय खाल्लें, लघवी किती, ताप किती, कोणती गोळी केव्हां दिली, हें तींत लिहिलें जाऊं लागलें. डॉक्टरांशीं एकानेंच बोलावें असें ठरलें. समाचारास येणारांची व्यवस्था आजींनीं आपल्याकडे घेतली.

या मंडळींविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीनें शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत, आजाऱ्यास पोकळ धीर व नको तो सल्ला देणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. यावरून ही पीडा केवळ आपल्याकडचीच नाहीं हें दिसतें. आजींनीं मात्र यावर सोपी तोड काढली. "काय हवें-नको तें सांगा" असें जो म्हणे त्यास त्या खरोखरच सांगत. कोणास पोळीभाजीचा डबा, कोणास औषधाच्या दुकानाची खेप, कोणास दुपारीं तासभर उशाशीं बसणें. कांहीं मंडळींचें येणें त्यामुळें कमी झालें. जी राहिलीं तीं खरोखर उपयोगी पडलीं.

१० जुलैच्या सकाळीं सात वाजून गेल्यावर जिल्ह्यास पुन्हां ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्या वेळीं आजोबांपाशीं धाकटा मुलगा होता, आणि सूनबाई कित्येक महिन्यांनीं चार दिवस माहेरीं वसमतला गेल्या होत्या. धक्का तेथेंहि जाणवला. त्यांचा दूरध्वनि आला, सर्व सुखरूप असल्याचें कळलें, आणि मग त्यांनीं विचारलें, "सकाळची गोळी दिलीत ना?" धाकट्यानें वही उघडून वेळ वाचून दाखविली.

९ ऑक्टोबर २०२४ रोजीं हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन झालें. पुढेंमागें नांदेडच्या खेपा त्यामुळें कमी होतील अशी आशा आहे. चार पादांपैकीं वैद्य आणि औषध हे दोन त्या योगानें आपल्या दाराशीं येतील. पण इस्पितळांतून परतल्यावर घरीं जे महिने काढावे लागतात, त्यांतला तिसरा पाद घरानेंच उभा करावयाचा असतो. ज्यांच्या घरीं आज कोणी अंथरुणास खिळलेलें आहे, त्यांनीं हा अंक बाजूस ठेवून आधीं एवढेंच विचारावें कीं, उशाशीं बसणारें माणूस काल रात्रीं किती वेळ झोपलें. आणि आज रात्रीं त्याच्या जागीं कोण बसणार.