काळाचा कारकून

महागड्या घड्याळाचा आणि वेळेचा काडीचाही संबंध नसतो, असे माझे ठाम मत आहे. आणि हे मत मी द्राक्षे आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याच्या नात्याने मांडत नसून, ती द्राक्षे बारा वर्षे मनगटावर बांधून हिंडलेल्या माणसाच्या नात्याने मांडतो आहे.

आता बुटीबोरीतल्या बँकेच्या कारकुनाकडे स्विस क्रोनोग्राफ कुठून आला, अशी शंका तुम्हाला येईल. आमच्या शाखाधिकाऱ्यांनाही आली होती. तर खुलासा असा, की माझे साडू दुबईला असतात. २०१३ साली त्यांनी याहून मोठे घड्याळ घेतले आणि जुने माझ्याकडे उतरले. थोरल्या भावाची पँट धाकट्याकडे उतरते, त्यातलाच प्रकार. त्यावेळी त्याची किंमत पावणेतीन लाख होती. हा आकडा साडूंनी मला एकदाच सांगितला. सौभाग्यवती मात्र अजून आठवड्यातून एकदा सांगतात.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या आणि कडेला चावीच्या वर-खाली दोन बटणे. वरचे दाबले की लांब काटा पळू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालचे दाबले की मुकाट्याने घरी परततो. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यती मोजण्यासाठी निकोला र्‍यूसेक नावाच्या घड्याळजीने असे यंत्र वापरले. ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवीत असे. म्हणून क्रोनोग्राफ, म्हणजे काळ लिहिणारा. माझ्या भाषेत, काळाचा कारकून! शाईने बोटे बरबटलेला हा जातभाई पाहून मला आधी आपुलकीच वाटली होती. पण पुढे हा कारकून साहेब झाला, आणि साहेब झालेल्या कारकुनासारखा नमुना नाही.

पहिली गोष्ट, तो वेळ नीट सांगत नाही. अहो, स्विस प्रमाणपत्र मिळालेल्या अव्वल यांत्रिक घड्याळालाही दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची अधिकृत मुभा असते. म्हणजे महिन्याला तीन मिनिटे! आमच्या रोखपालाच्या हिशेबात तीन रुपये इकडेतिकडे झाले तर संध्याकाळी सात वाजेपर्यंत घरी जाता येत नाही. उलट चौकातल्या हातगाडीवरचे क्वार्ट्‌झचे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या पलीकडे सहसा चुकत नाही, कारण त्याच्या पोटातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आमच्या साहेबांचे ठोके सेकंदाला आठ. हा निकाल १९६९ च्या नाताळात जपान्यांनी पहिले क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विकायला काढले तेव्हाच लागला. तो मान्य न करण्याचे पैसे मात्र आपण आजवर मोजतो आहोत.

दुसरी गोष्ट, त्याला सुट्या लागतात. हातावर असेल तरच ते चालते; काढून ठेवले की दोन दिवसांत बंद. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, रविवारी मी बनियनवर, की सोमवारी सकाळी साहेब गार! बँकेच्या सुट्या इतक्या काटेकोर पाळणारे यंत्र मी दुसरे पाहिले नाही. शिवाय महिना तीस दिवसांचा असतो हे त्याला ठाऊक नाही. वर्षातून पाच वेळा तारीख आपणच पुढे सरकवायची. तीही रात्री नाही, कारण रात्री त्याची दातरी चाके तारीख बदलण्याच्या कामात असतात आणि मध्ये बोट घातले तर मोडतात. घरातल्या कुणाचीही झोप मी इतकी जपली नाही.

आणि दुरुस्ती? सीताबर्डीतल्या घड्याळजीने भिंग लावून आत पाहिले, हात जोडले आणि म्हणाला, ‘भाऊ, हे आपल्याच्यानं नाही होत.’ मग ते मुंबईला गेले. तिकडच्या सेवाकेंद्राने अठ्ठेचाळीस हजारांचा अंदाज दिला आणि घड्याळ चार महिन्यांनी परत केले. सेकंदाचा आठवा भाग मोजणारे यंत्र परत मिळायला चार महिने! ते चार महिने मोबाइलवर वेळ पाहून काढले. जगात काही अडले नाही.

त्याच्या कडेला आकड्यांची एक पट्टी आहे, ती वेग मोजण्यासाठी. पहिल्या किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबायचे, दुसऱ्याशी थांबवायचे. काटा दाखवील तो वेग. ३६०० ला सेकंदांनी भागले की हेच उत्तर येते, हे कोणताही बी. कॉम. सांगेल. पण ही पट्टी सुरूच होते ताशी साठ किलोमीटरपासून. नागपूरहून बुटीबोरीला यायचे म्हणजे ट्रकच्या मागे ट्रक, ट्रकच्या मागे कंपनीची बस आणि बसच्या मागे माझी स्कूटर. बारा वर्षांत मी त्या पट्टीवर एकदाही आलो नाही. दारिद्र्यरेषेसारखी ही एक वेगरेषा आहे, आणि आम्ही तिच्याखालचे.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, या घड्याळांनी इतिहास घडवला. खरे आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यान संकटात सापडले, तेव्हा परतीचा मार्ग सुधारण्यासाठी इंजिन नेमके चौदा सेकंद चालवायचे होते, आणि ते सेकंद अंतराळवीराने मनगटावरच्या ओमेगा क्रोनोग्राफवर मोजले. माझा त्यांना दंडवत. पण महाराज, तुम्ही चंद्रावरून येत नाही. तुम्ही धंतोलीहून येता.

ते म्हणतात, ही गुंतवणूक आहे. इथे मात्र तुम्ही माझ्या गल्लीत शिरलात. ऑक्टोबर २०१७ मध्ये पॉल न्यूमनचे रोलेक्स न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरांच्या वर गेले, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यासाठी आधी पॉल न्यूमन असावे लागते. बहात्तरला व्याजदराने भागा, तितक्या वर्षांत मुद्दल दुप्पट. तेव्हाच्या नऊ टक्क्यांनी पावणेतीन लाखांची ठेव आठ वर्षांत साडेपाच लाख झाली असती. आमच्या घड्याळाला परवा नव्वद हजारांची बोली आली. याला आमच्या खात्यात गुंतवणूक म्हणत नाहीत, घसारा म्हणतात. सरकारलाही हे कळले आहे. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर एक टक्का कर गोळा करण्याचा नियम २२ एप्रिल २०२५ पासून आला, तेव्हा त्या यादीत शेजारी कोण होते? हेलिकॉप्टर आणि शर्यतीचे घोडे! घोड्यांपासून निघालेले यंत्र दोनशे वर्षांनी पुन्हा घोड्यांत जाऊन उभे राहिले.

मग हे घड्याळ असते तरी कशासाठी? माझ्या मते, आपली वेळ किमती आहे हे दुसऱ्याला दाखवण्यासाठी. आणि तिथेच माझे खरे भांडण आहे. ज्याच्या हातात महाग घड्याळ, तो सभेला तासभर उशिरा येतो आणि त्याच्यासाठी सगळे उभे राहतात. ज्याच्या हातात घड्याळच नाही, त्याची दहा मिनिटे मात्र मोजली जातात. आमच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीला पाच मिनिटे उशीर झाला की कामगाराच्या पोटात गोळा येतो. तोच कामगार सुटी टाकून आमच्या खिडकीशी येतो, तेव्हा त्याची अख्खी सकाळ गेली तरी कुणाच्या हिशेबात धरली जात नाही.

बारा वर्षांत त्या क्रोनोग्राफने एकच उपयोगी काम केले. नोव्हेंबर महिना होता. हयातीच्या दाखल्याचे दिवस. सत्तरीपलीकडच्या एक आजी, कुटुंब निवृत्तिवेतनवाल्या, दारातून आत आल्या तेव्हा मी सहज बटण दाबले. आधी यंत्रणा बंद, मग अंगठा उमटेना, मग जेवणाची सुटी. त्या बाहेर पडल्या तेव्हा काटा थांबवला: एक तास, बावन्न मिनिटे, अकरा सेकंद. जिवंत आहोत एवढे सिद्ध करायला! मी तो आकडा कागदावर लिहून शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी कागद पाहिला, मग माझे मनगट पाहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही काउंटरवर बसून घड्याळ पाहता?’ जाताना आजी मला म्हणाल्या होत्या, ‘असू दे बाप्पा, मले कुठं जायचं आहे?’ हे वाक्य मला त्या आकड्याहून जड गेले. गरिबाला कुठे जायचे नसते, हे गृहीत धरूनच आपल्या साऱ्या रांगा लावलेल्या आहेत.

वेळ खरोखर कुणी मिळवून दिली असेल, तर ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी. गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले, आणि १० जून १८९० रोजी आठवड्याची रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. सेकंदाचा आठवा भाग मोजायच्या फंदात न पडता त्यांनी वर्षाचे बावन्न दिवस माणसांना परत दिले. घड्याळाच्या जाहिरातीत नट दिसतात, वैमानिक दिसतात. लोखंडे कधी दिसले नाहीत.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. हे काळाचे कारकून मनगटावरून उतरवा आणि कामाला लावा. प्रत्येक बँकेत, तहसिलीत आणि दवाखान्यात, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला एकेक टांगा. माणूस रांगेत उभा राहिला की बटण दाबायचे, काम झाले की थांबवायचे, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या रांगांची बेरीज करून दारावर लावायची. बेरजेचे काम मी फुकट करून देईन. माझे घड्याळही देतो. फक्त तीस दिवसांच्या महिन्यानंतर त्याची तारीख कुणीतरी सरकवा, आणि शनिवार-रविवार त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. शेवटी तोही कारकूनच आहे.