अस्तरातले दुखणे

माथेरानला मोटारी नाहीत, एक रुग्णवाहिका सोडली तर. दस्तुरी नाक्यापर्यंत पायी नाहीतर घोड्यावर, पूर्वी हातरिक्षाने, अलीकडे ई-रिक्षाने. पुढे टॅक्सीने नेरळ आणि तिथून लोकल. पाळीच्या दिवसांत जिचे ओटीपोट पिळवटून निघते, तिने परळच्या मोठ्या इस्पितळांपर्यंत कसे पोचायचे? मग घरचे सांगतात, "लग्न झाले की थांबेल."

बँकेत असताना रजेच्या अर्जांवर 'पोटदुखी' एवढाच शब्द मी अनेकदा वाचला. "महिन्याचे नाटक" म्हणणारे साहेबही पाहिले. त्यातल्या कितीजणींना एंडोमेट्रिओसिस असेल, कोण जाणे! प्रजननक्षम वयाच्या दहा स्त्रियांमागे साधारण एकीला तो असतो.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर, कधी आतड्यावर वाढतात. पाळीचे थोडे रक्त नलिकांतून उलटे पोटात जाते, त्याबरोबर या पेशीही जातात, असे सॅम्पसन यांनी 1927 मध्ये मांडले. पण असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत जाते. मग आजार काहींनाच का?

या प्रश्नाचे उत्तर आता अस्तरातच शोधतात. पाळीच्या चक्रात रोज कोणती प्रथिने किती बनवायची, याचा तिथे जणू रोजमेळ असतो (बँकेची सवय जात नाही!). 'बीटा-3 इंटेग्रिन' हे प्रथिन साधारण विसाव्या दिवशी, गर्भ रुजण्याच्या सुमारास दिसू लागते. ब्रूस लेसी आणि सहकाऱ्यांना 1994 मध्ये एंडोमेट्रिओसिसच्या अनेक रुग्णांत ते त्या वेळी आढळलेच नाही. मूल होत नाही म्हणून जिला टोमणे बसतात, तिच्या बाबतीत असेही काही घडलेले असू शकते. उलट, निरोगी अस्तरात जवळजवळ नसणारे 'अ‍ॅरोमाटेज' बाहेर वाढलेल्या पेशींत असते. ते तिथल्या तिथे इस्ट्रोजेन तयार करते आणि आजार स्वतःलाच खतपाणी घालतो. प्रोजेस्टेरॉनचा लगामही तिथे नीट चालत नाही.

परळलाच वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था 1970 पासून आहे. भारतीय स्त्रियांमधील या आजाराचा अभ्यास तिने देशभरातली केंद्रे जोडून हाती घेतला आहे. खात्रीने निदान करील अशी प्रथिनांची साधी रक्तचाचणी अजून नाही. पण गोळ्या, हार्मोन्स, दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे उपाय आहेत, आणि प्रत्येकीला आधी दुर्बीण घालावीच लागते असेही आता नाही. अडते ते विचारण्यापाशी.

कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर आशाताई घरोघरी जातात. त्यांच्या वहीत एक रकाना वाढवावा : पाळीच्या दुखण्याने शाळा किंवा मजुरी बुडते का?