लाउंजमधला विसावा आणि खान्देशचा प्रवासी

नातवंडांच्या ओढीने परदेशी निघालेले साठी-सत्तरीचे आजी-आजोबा हे दृश्य आता जळगाव-धुळ्यात नवलाईचे राहिलेले नाही. निघण्यापूर्वी तिकडून मुलाचा फोन येतो : "बिझनेस क्लासचे तिकीट काढले आहे. लाउंजमध्ये आराम करा, तिथेच जेवून घ्या." सल्ल्यामागील माया निःसंशय खरी. पण त्यातील आरामाचा भाग बराचसा खरा आहे आणि जेवणाचा फारच थोडा, म्हणून वाचकांशी हे हितगुज.

विमानकंपनीने निवडक प्रवाशांसाठी बैठक राखण्याची कल्पना जुनीच. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर 'अ‍ॅडमिरल्स क्लब' उघडला. आपल्याकडे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली एअर इंडियासाठी महाराजा साकारला. पुढे कंपनीच्या लाउंजलाही त्याचेच नाव लाभले. कमरेत वाकून स्वागत करणारा महाराजा! यजमानपणाचे याहून बोलके चित्र सापडणे कठीण.

सुखसोयी नाकारण्याचे कारण नाही. मऊ खुर्ची, स्वच्छ प्रसाधनगृह, गोंगाटापासून सुटका, काही ठिकाणी स्नानाचीही व्यवस्था. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गेटजवळच्या कडक आसनापेक्षा हे किती मोलाचे आहे, ते त्या वयाला पोहोचल्यावरच कळते.

अडचण आहे ती वेळेची. लाउंजची रचना त्याच शहरात राहणारा, घरून जेवून ऐनवेळी येणारा प्रवासी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. धुळ्याहून मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मालेगाव, नाशिक, कसारा घाट. वाटेतील कोंडीचा भरवसा नाही म्हणून मध्यरात्रीच्या विमानासाठी माणूस सकाळीच निघतो. जळगावकर रेल्वेने येतो आणि पुष्कळदा विमानाच्या कितीतरी तास आधी मुंबईत उतरतो. सामान स्वीकारणारी खिडकी मात्र उड्डाणापूर्वी साधारण तीन-चार तासच उघडते, आणि लाउंज असते सुरक्षा तपासणीच्या पलीकडे. म्हणजे थकलेल्या देहाला ज्या वेळी टेकायचे असते, नेमक्या त्याच वेळी तो बाहेर सामान राखत बसलेला असतो. रेल्वेचे प्रतीक्षालय कितीही साधे असो, उतरल्याबरोबर तेथे पाठ टेकता येते. शिवाय बँकेच्या कार्डावर प्रवेश घ्यायचा असेल तर अलीकडे अनेक बँकांनी आधीच्या काही महिन्यांतील खर्चाची अट घातली आहे; दारात उभे राहिल्यावर ती कळणे मोठे संकोचाचे.

जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून तेथून मुंबईचे विमान सुरू झाले. ही सेवा मध्यंतरी खंडितही होत आली आहे. पण वेळा जुळत असतील तर रस्त्याचे सात-आठ तास वाचतात. तेथील छोटेखानी इमारतीत लाउंजची वानवा कोणाला भासल्याचे ऐकिवात नाही! धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवरून तर नियमित प्रवासी विमानच नाही.

आता जेवणाविषयी. विमानात जैन भोजन मिळते. त्यासाठी 'व्हीजेएमएल' हा संकेत बहुधा किमान २४ तास आधी नोंदवावा लागतो. ही नोंद विमानातील थाळीपुरती; लाउंजच्या स्वयंपाकघराला तिचा पत्ता नसतो. तेथील हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो, कंदमुळांविषयी तो मौन पाळतो. सांबारात कांदा, पावभाजीत बटाटा, कटलेटात दोन्ही. विचारावे तर वाढणारा तरुण सौजन्याने "नाही, नाही" म्हणतो. त्याच्या त्या सौजन्याचीच मला अधिक धास्ती वाटते. उरतात फळे, दही, साधा भात. चौविहार पाळणाऱ्याची तर आत पोहोचेपर्यंत सूर्यास्ताची वेळ टळून गेलेली असते. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी चहाच्या यंत्रातील गरम पाणी उकळलेले आहे असे गृहीत धरू नये. विमानात जैन थाळी देणाऱ्या कंपन्यांना लाउंजमध्ये कंदमुळांविना केलेली एक मुगाची खिचडी, स्वतंत्र पळी आणि स्पष्ट नावाची पाटी ठेवणे जड जाऊ नये. अभिप्रायाच्या वहीत आपण हे लिहीत राहिले पाहिजे.

तोवर दिवसाचा विसावा मुंबईतील नातलगांकडे किंवा एखाद्या धर्मशाळेत घ्यावा, सूर्यास्तापूर्वीचे जेवण तेथेच उरकावे आणि खाकरे हातातील पिशवीत ठेवावेत. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच तशी नोंद करावी. मदतनीस लाउंजमध्ये बसवून निघून जातो. तो किती वाजता परतणार हे विचारून घ्यावे आणि प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यालाही सांगून ठेवावे. आत बहुधा उड्डाणाची उद्घोषणा होत नाही, आणि गेट विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते.